बडोद्याहून व्हेनिस : चार रात्री, एकच गाव

युरोपला जाऊन आलं की आमच्या दांडिया बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देश झाले?" आमचा एकच झाला, आणि त्यातलंही एकच शहर. चार रात्री व्हेनिस, पाचव्या दिवशी परतीचं विमान. शेजारचे काका चहाचा कप बशीत ठेवून म्हणाले, "एवढं भाडं घालून एकच गाव? आमच्या पुतण्यानं तेवढ्यात आठ देश उरकले."

त्या आठ देशांच्या सहलीचा कागद मी आधीच पाहिला होता. एकतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बसलो, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम समोर आला की डोळे आगमन आणि प्रस्थान हे दोन रकाने शोधतात. व्हेनिसला आगमन सकाळी अकरा, प्रस्थान दुपारी अडीच. त्यातच बोटीची रांग, जेवण आणि काचेच्या दुकानातली सक्तीची हजेरी. आमच्या भाषेत याला हॉल्ट म्हणतात. हॉल्टवर माणूस उतरून चहा पितो, गाव बघत नाही.

हे सगळं सुरू झालं हिच्यामुळे. ही चित्रकलेची शिक्षिका. दर वर्षी वर्गातल्या मुलांना बडोद्याच्या राजवाड्यात, लक्ष्मी विलास पॅलेसला न्यायची आणि दरबार हॉलच्या दारात सगळ्यांना खाली बघायला लावायची. "हे व्हेनिसचं मोझेक. एकेक तुकडा हातानं बसवलाय." मुलं वर झुंबरांकडे बघत असायची, ते वेगळं. निवृत्त झाली त्या संध्याकाळी म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवलं. आता हे जिथून आलं ते गाव मला दाखवा."

तर दिवस थोडे आहेत, गुडघे साठीचे आहेत आणि एक जुनं शहर धावपळ न करता बघायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

आधी तारीख ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी, उकाडा आणि डास. ते तिन्ही आपल्याला घरबसल्या मिळतात. फेब्रुवारीच्या आसपास मुखवट्यांचा कार्निव्हल, तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले. ऑक्टोबर ते जानेवारी मोठ्या भरतीचे महिने. उरलेल्यात बरे एप्रिल, मे आणि सप्टेंबर. आम्ही 2025 च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला आणि मी स्वतःवर खूश झालो. पण उन्हाळी सुट्टीच्या खास गाड्या ज्याला तोंडपाठ, त्यानं 25 एप्रिल कसला दिवस आहे हेच बघितलं नव्हतं. इटलीत ती राष्ट्रीय सुट्टी, 1945 मधल्या मुक्तीची आठवण. शिवाय त्याच दिवशी व्हेनिसचं ग्रामदैवत म्हणावं अशा संत मार्कचा सण. सगळा देश सुट्टीवर, आणि त्यातले निम्मे आमच्या पुढे रांगेत. तिकडची सुट्ट्यांची यादी आधी बघा, मग विमानाची तिकिटं.

त्या दिवशी तिथले पुरुष बायकोला लाल गुलाबाची कळी देतात. जुनी रीत आहे. मीही घेतली. हिनं युरोचे रुपये करून पाहिले आणि म्हणाली, "खंडेराव मार्केटात एवढ्यात दाराला तोरण आलं असतं." कळी मात्र परतेपर्यंत खोलीतल्या पेल्यात होती.

पाण्याविषयी बडोदेकरांना वेगळं सांगायला हवं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी माझ्या भावाच्या घरात कमरेएवढी शिरली होती. त्यामुळे "पाण्यातलं शहर" म्हटलं की आमच्या घरात कौतुकाआधी फ्रिज विटांवर चढवायचा विचार येतो. व्हेनिसचं पाणी भरतीचं असतं. येतं, काही तासांत ओसरतं. तिथे 12 नोव्हेंबर 2019 ला ते मोजणीच्या ठरलेल्या शून्यापेक्षा 187 सेंटिमीटर वर चढलं होतं. त्यानंतर ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी दारं मोठ्या भरतीच्या वेळी वर उचलतात आणि खाडी बंद करतात. लहानसहान पाणी तरीही गावाच्या मुख्य, सान मार्कोच्या चौकात येतं, कारण गावातला तोच सखल भाग. तेव्हा फळ्यांचे उंच रस्ते मांडतात. हिवाळ्यात जाणार असाल तर गुडघ्याएवढे रबरी बूट तिथेच विकत मिळतात, इथून वाहून नेऊ नका. आणि हो, विश्वामित्रीसारख्या मगरी तिथे नाहीत.

व्हिसा हा या सगळ्यातला रूक्ष भाग, पण चुकायची सगळ्यात जास्त संधी इथेच. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. मी म्हणेन अडीच महिने आधी करा. फी 90 युरो, 2024 च्या जूनपासून. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा. जाण्यायेण्याची तिकिटं, सगळ्या रात्रींचं हॉटेल, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, आणि आपण कोण, कशाला जातोय, परत का येणार हे सांगणारं साधं पत्र. निवृत्त माणसानं पेन्शनचा कागद जोडावा. हॉटेल असं घ्या की जे फुकट रद्द करता येतं, कारण पासपोर्ट हातात येईपर्यंत तुमची अवस्था वेटिंग लिस्टसारखीच असते. बोटांचे ठसे द्यायला आम्ही अहमदाबादला गेलो, आणि दोनदा गेलो. पहिल्या खेपेला मी स्टेटमेंट घरच्या प्रिंटरवर काढून नेलं होतं, त्यावर बँकेचा शिक्का नाही. आयुष्यभर लोकांना "फॉर्म पूर्ण भरून आणा" म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, त्याची परतफेड झाली. ही गाडीत काही बोलली नाही, फक्त एक्स्प्रेसवेभर हसत होती.

विमानाचं थोडक्यात. अहमदाबादहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून थेट व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरता येतं. मिलान किंवा रोमला स्वस्त तिकीट मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका, पुढच्या गाडीचं भाडं आणि गेलेला अर्धा दिवस त्यात मिळवा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. म्हणजे पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला टक्क जाग येणार. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता खरा मुद्दा, राहायचं कुठे. व्हेनिसची जमिनीवरची बाजू म्हणजे मेस्त्रे. तिथे खोल्या स्वस्त आणि रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत बेटावर जाता येतं. हिशेब बरोबर वाटतो. पण संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे निघून गेल्यावर गाव जे शांत होतं आणि सकाळी ते यायच्या आधी जे मोकळं असतं, तेवढंच बघायला आपण जायचं. मेस्त्रेत राहून नेमके तेच तास गाडीत जातात. दोन दिवस कमी करा, पण राहा बेटावरच.

आणि हॉटेलला ई-मेल करून एकच प्रश्न विचारा. "बोटीच्या स्टॉपपासून तुमच्या दारापर्यंत पूल किती?" किती मिनिटं, हे विचारू नका. आम्हाला "सात मिनिटं" सांगितलं होतं. खरंच होतं ते, पण रिकाम्या हातांचं. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेक सगळे कमानीचे, दोन्ही बाजूंना पायऱ्या. आमच्या वाटेत चार होते. तिसऱ्यावर माझ्या बॅगेचं चाक निखळलं आणि टुणटुणत पायऱ्या उतरून कालव्यात गेलं. मी कठड्यावरून वाकून बघतोय, ही म्हणते, "आता दुसरंही काढून टाका, निदान सरळ तरी राहील."

म्हणून घरीच एक परीक्षा घ्या. बॅग पूर्ण भरा आणि बडोदा स्टेशनला जाऊन पादचारी पूल तीन वेळा चढा-उतरा. सरकता जिना वापरायचा नाही. तिसऱ्या खेपेला जे सामान नकोसं वाटेल ते घरी ठेवा. मी परतल्यावर ही परीक्षा दिली. तुम्ही आधी द्या.

पत्ता शोधणं हाही एक खेळच आहे. गावाचे सहा भाग आहेत. सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सान्ता क्रोचे. घरांना नंबर गल्लीप्रमाणे नसतात, सबंध भागाला मिळून एकच रांग असते. पाच हजार अमुक कास्तेल्लो, झालं. समोरासमोरच्या दारांत शेकड्यांचा फरक पडू शकतो. गल्लीला कॅले म्हणतात, चौकाला काम्पो, कालव्याला रिओ. मोबाइलचा नकाशा उंच भिंतींच्या बोळात गडबडतो, त्यामुळे हॉटेलजवळच्या काम्पोचं आणि चर्चचं नाव कागदावर लिहून ठेवा. मांडवीमागच्या पोळांत, म्हणजे बडोद्याच्या जुन्या गल्ल्यांत, नवखा माणूस जसा नंबर विचारत नाही, देऊळ विचारतो, तसंच. वाट चुकलात तर भिंतींवर रिआल्तोच्या पुलाकडे आणि सान मार्कोकडे नेणाऱ्या बाणांच्या पाट्या आहेत. त्या पकडायच्या.

विमानतळावरून बसनं पियात्साले रोमाला या. मोटारींची दुनिया तिथे संपते. पुढे पाय किंवा वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची सिटी बस. आम्ही गेलो तेव्हा 75 मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरो आणि 72 तासांचा पास 45 युरो होता. पाच फेऱ्यांत पास वसूल. पास खिशात असून भागत नाही, दर वेळी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचा आणि आवाज ऐकायचा. विसरलात तर तपासनीसापुढे तुम्ही विनातिकीटच.

पहिल्या संध्याकाळी एकही दार उघडू नका. पियात्साले रोमाहून एक नंबरची बोट घ्या. ती सगळ्या स्टॉपांवर थांबत मोठ्या कालव्यानं जाते, आपल्या पॅसेंजर गाडीसारखी. जवळजवळ चार किलोमीटरचा कालवा, त्यावर पूल फक्त चार. मुद्दाम हळू बोट घ्यायची, कारण दोन्ही काठांचे वाडे तिच्यातूनच नीट दिसतात. बाहेरची खुर्ची मिळेना तर एक बोट सोडा, दुसरी येते.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेची जाग कामाला येते. साडेसहाला आम्ही सान मार्कोच्या चौकात होतो. एक झाडूवाला, कबुतरं आणि आम्ही दोघं. त्या कबुतरांना दाणे टाकू नका, दंड आहे. चौकातल्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला तरी दंड. तो उंच मनोरा 14 जुलै 1902 ला अख्खा खाली बसला होता आणि 1912 मध्ये पुन्हा जसाच्या तसा उभा केला, हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "आपल्याकडे दहा वर्षांत नुसतं टेंडर निघालं असतं."

चौकातलं सान मार्कोचं चर्च साडेनऊच्या सुमारास उघडतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, मोठी पिशवी आत नेता येत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. आताची इमारत 1063 मध्ये सुरू झालेली. सगळे आत शिरतात आणि माना वर करतात, कारण घुमट सोन्यानं मढलेले आहेत. दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख, अशा तुकड्यांचे. ही खाली बघत होती. जमीन सपाट नाहीच. शेकडो वर्षांत खालचा गाळ दबला आणि दगडी नक्षी लाटांसारखी वरखाली झाली. एका खोलगटाशी ती बसलीच. बोटानं एक तांबडा त्रिकोण, मग हिरवा, मग पांढरा असं मोजत गेली. एका ठिकाणी जुन्या तुकड्यांमध्ये नवा बसवलेला, रंग जरा जास्तच चोख. "हा कुणीतरी घाईत केलाय," असं म्हणाली, जणू सातवीच्या मुलाची वही तपासतेय. मागून पहारेकरी आला. मला वाटलं आता उठवणार. त्यानं फक्त दोरीची कडी सरकवून तिला जागा करून दिली.

डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाचा, राजवाडा त्याच चौकात. तिकीट महिनाभर आधी काढलं तर स्वस्त पडतं. 1797 पर्यंत व्हेनिसचं प्रजासत्ताक इथून चाललं. दालनं इतकी की तिसऱ्या दालनानंतर छताची चित्रं बघून मान दुखते. मी बाकांची जागा लक्षात ठेवत गेलो. तुम्हीही तेच करा.

एका दिवसात दोन मोठ्या गोष्टी पुरे. तिसरी घातली की पहिली विसरते. आम्ही तिसरा दिवस बेटांना दिला. फोंदामेन्ते नोवेच्या धक्क्यावरून बोट मुरानोला जाते. 1291 मध्ये सरकारनं काचेच्या भट्ट्या गावाबाहेर, तिथे हलवल्या. घरं लाकडाची होती, आगीची भीती. भट्टीसमोर बसलो होतो. कारागिरानं नळीच्या टोकावर नारिंगी गोळा आणला, चिमट्यानं एक ओढ, मान झाली. दोन ओढी, पुढचे पाय. उलटा केला, मागचे पाय आणि शेपूट. मिनिटभरात घोडा ठेवणीवर उभा. दाखवण्याबद्दल पैसे घेतात ते मुकाट द्यावेत. दुकानात मात्र सावध. गावभर मिळणारी स्वस्त काच मुरानोची असेलच असं नाही. "वेत्रो आर्तिस्तिको मुरानो" ही खूण बघून घ्या. पुढे बुरानोला रंगीत घरं आहेत. फोटो निघतात. तासाभरात भागतं.

चौथ्या दिवशी सकाळी फ्रारी चर्चमधलं तिशियन या चित्रकाराचं मोठं चित्र, दुपारी गेत्तो. 1516 मध्ये ज्यूंना राहायला नेमून दिलेली वस्ती, जगभर वापरला जाणारा "घेट्टो" हा शब्द इथलाच. घरं उंच उंच वाढलेली, कारण जागा तेवढीच आणि माणसं वाढत गेली. तिथे आम्ही फार बोललो नाही.

गोंडोलाचं विचारालच. दिवसा अर्ध्या तासाचा ठरलेला दर 90 युरो, माणशी नव्हे, होडीचा, आणि पाचजण बसतात. दोघांनीच बसायचं तर विचार करा. आम्ही सान्ता सोफियाहून मासळी बाजाराकडे जाणाऱ्या त्रागेत्तोत चढलो. तीही गोंडोलाच, फक्त मोठी, कालवा ओलांडून देते आणि दोन युरो घेते. हिनं फोटो तोच सगळ्यांना पाठवला. कुणी विचारलं नाही.

दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून काही ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क घेतात, आधी भरलं तर 5 युरो, ऐन वेळी 10. गावात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ, पण माफीची नोंद आधी ऑनलाइन करून तिचा कोड मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. हॉटेलातला रात्रीचा कर वेगळा, तो तिथेच द्यायचा.

खाण्याचं. थेपले, भाकरवडी, लीलो चेवडो, सुकी चटणी बिनधास्त न्या. पेढे, मावा, तूप, पनीर नको, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" म्हणा, मांस नको, मासे नकोत. रिसोत्तो या भाताचं पाणी बहुधा मांसाचं किंवा माशांचं असतं, विचारून घ्या. मारिनारा पिझ्झ्यात चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, तेल. नाव समुद्राचं असलं तरी आत मासा नाही. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यावी. तीच टेबलावर बसून घेतली की भाव बदलतो, आणि सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात. बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, काम्पोतल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहाला मात्र पैसे पडतात, सुटी नाणी खिशात असू द्या.

परतीच्या दिवशी पहिली बोट आणि त्यापुढची बस आदल्या रात्री स्वतः धक्क्यावर जाऊन बघून या. मी दोन्हींचे फोटो काढले होते, आणि तिसरी बोटही शोधून ठेवली होती, हे खिडकीवरच्या सवयीनं.

तो काचेचा घोडा हिनं घेतलाच. माझ्या दोन मोज्यांच्या जोडांत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. अहमदाबादला उतरेपर्यंत धडधाकट होता. घरी, दांडिया बाजारात, रिक्षातून उतरताना पिशवी दाराला लागली आणि मागचा एक पाय गेला. आता शोकेसमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. काच आणणार असाल तर मोज्यांचे चार जोड न्या.